न उचललेली कुऱ्हाड

लग्नसराईत श्रीरामपूरच्या गल्ल्यांतून रात्री दोन आवाज येतात, आधी दिमडीचा आणि मग संबळाचा. लग्न लागलं की कुळाचार म्हणून अंगणात जागरण-गोंधळ होतो. चौरंगावर घट मांडतात, भोवती पाच ऊस उभे करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधतात. आमचा मुलूख उसाचा, त्यामुळे तो कुणाच्या तरी मळ्यातून वाढ्यांसकट ताजा येतो. त्या हिरव्या छपराखाली, अजून हळद न उतरलेली मुलगी नवऱ्याशेजारी बसते आणि समोर वाघ्या-मुरळी खंडोबाची कथा लावतात. घरी म्हाळसा असताना देव बाणाईवर भुलला, चंदनपुरीला जाऊन त्याने धनगराची मेंढरं राखली, तिला जेजुरीला घेऊन आला आणि दोघी सवतींचं कडाक्याचं भांडण जुंपलं. मुरळी म्हाळसेचा ठसका आणि बाणाईचा तोरा असा रंगवते, की म्हाताऱ्या बायाही पदर तोंडाला लावून हसतात. मग रात्र चढते, पोत पेटतो, आणि गोंधळी माहूरच्या रेणुकेला हाक घालतात.

रेणुकेची कथा साऱ्यांना ठाऊक आहे. ती नदीवर गेली होती. पाण्यात राजा चित्ररथ आपल्या राण्यांबरोबर खेळत होता. तिची नजर तिथे रेंगाळली, मन हललं, आणि ती आश्रमात परतताच जमदग्नीने ते ओळखलं. मग मुलाच्या हातून तिचं शिर उडवलं गेलं.

खंडोबा आमचं कुलदैवत आहे. भंडारा माझ्याही कपाळी लागतो, आणि रेणुकेपुढे मी ओटी भरते. तरी एकाच अंगणात, एकाच रात्री, एकाच नवऱ्या मुलीच्या कानावर या दोन कथा पडतात तेव्हा माझ्या काळजात कालवाकालव होते. पुरुषाचं मन दुसरीकडे गेलं तर त्याचं गाणं होतं, बाईचं मन क्षणभर हललं तर तिच्या मानेवर कुऱ्हाड पडते. आणि रेणुका त्या आश्रमात सुखी होती का, हे तिला कुणी विचारल्याचं कुठल्याही कथेत येत नाही.

महाभारताच्या वनपर्वात या कथेत आणखी चार माणसं आहेत. जमदग्नीने परशुरामाच्या आधी त्याच्या चार भावांना आज्ञा केली होती. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू. चौघांपैकी एकाचाही हात आईवर उठला नाही. बापाने शाप दिला, त्यांचं भान हरपलं, ते पशुपक्ष्यांसारखे जड होऊन गेले. आज्ञा पाळणाऱ्याची देवळं झाली, न पाळणाऱ्यांची नावंही लोकांच्या ओठी राहिली नाहीत. आईचं मन हललंच नाही, असा दावा त्यांनी केला नव्हता. घडलं ते घडलं, पण त्यासाठी कुऱ्हाड उचलायची नाही, इतकंच त्यांनी ठरवलं. दुःखी संसारातून बाहेर जीव लावणाऱ्या माणसाबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या चौघांच्या शेजारी उभं राहूनच म्हणता येतं.

ही कुऱ्हाड 1860 पासून दंडसंहितेतही होती. कलम 497. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला 5 वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. नवरा एखाद्या अविवाहितेकडे किंवा विधवेकडे जात असेल तरी गुन्हा नाही, आणि फसवल्या गेलेल्या बायकोला फिर्याद करण्याची सोयच नाही. बाईला शिक्षा नव्हती हे खरं, पण शेताचा बांध कोरला तर शेताला कोण शिक्षा करतं? 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे कलम वैध ठरवलं. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते एकमताने रद्द केलं, आणि त्या पाचांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एका मराठी घरातल्या मुलाने वडिलांचा शब्द मोडला आणि कुऱ्हाड खाली ठेवली. मला तेव्हा ते चार भाऊ आठवले.

आता सगळं मोकळं झालं, असा सूर तेव्हा कट्ट्याकट्ट्यांवर निघाला. निकालाने तसं म्हटलेलं नाही. परस्त्री वा परपुरुषाशी संबंध हे आजही घटस्फोटाचं कारण आहे. तुरुंग गेला, दोन माणसांमधला हिशेब राहिला. आणि तो हिशेबच खरा अवघड आहे.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी तो एका उन्हाळ्यात माझ्यापुढे मांडला. गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजून पातेल्यात चकाकत होता, त्या साच्यातून पिळत होत्या आणि मी धोतराच्या पानावर जागा करून देत होते. नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "काय सांगू बाई तुला, ह्यांनी कधी हात नाही उगारला. पण वर्षानुवर्षं मला नावानं हाक नाही मारली. भाजीत मीठ कमी असलं तर ताट सरकवायचे, तेवढंच बोलणं." मग एक माणूस त्यांच्या आयुष्यात आला. त्यांचं बोलणं ऐकून घ्यायचा, एवढीच त्याची मोठी गोष्ट. "त्याच्या आधी मी माहेरी गेले होते गं, नेवाशाकडं. म्हटलं, राहते इथंच, रोजानं जाईन. चौथ्या दिवशी भावानं साडी घेतली, शिधा बांधला आणि एसटीत बसवून दिलं. वहिनीनं कुंकू लावलं."

कुरडईचा वेढा पूर्ण करून त्यांनी साचा खाली ठेवला. "एक सांगते. ज्या माणसाला माझं असणं-नसणं सारखं होतं, त्याला खोटं सांगताना माझं तोंड कोरडं पडायचं. का पडावं? मला ते आजपर्यंत उमगलं नाही. पण पडायचं खरं."

त्यांच्या त्या कोरड्या तोंडात मला या प्रश्नाची दोन्ही अंगं एकत्र सापडतात. प्रेमाबद्दल त्यांना अपराधी वाटलं नाही, आणि मलाही त्यात अपराध दिसत नाही. जीव तुटलेल्या माणसाचा जीव कुठे तरी लागणारच. कोरडं पडलं ते खोटं बोलताना. ज्याच्याशी नातं उरलं नव्हतं, त्यालाही खरं कळण्याचा हक्क होता, हे त्यांच्या देहाने ओळखलं होतं.

फसवलं जाण्याची दुसरी बाजू मी एका जवळच्या स्नेह्याकडून ऐकली आहे. साखर कारखान्यात हिशेबाचं काम. गळीत हंगामात रात्रपाळ्या, दिवसा झोप, घरात बोलणं कमी कमी होत गेलेलं. संसारात गोडी उरली नव्हती हे तोही कबूल करतो. बायकोचं बाहेर काही आहे हे त्याला फार उशिरा, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो म्हणाला, "ती सांगून गेली असती ना, तर रडलो असतो आणि उठलो असतो. आता मी मागची वर्षं तपासत बसतो. मुलाच्या बारशाच्या फोटोत ती हसतेय, ते हसू कुणासाठी होतं? आई दवाखान्यात होती तेव्हा तिनं रात्री जागून काढल्या, ते खरं होतं की नाही?" त्याच्या सगळ्या आठवणी एका रात्रीत परक्या झाल्या.

प्रतारणेचा अन्याय मला इथे दिसतो. ती समोरच्याचा नुसता आज घेत नाही, त्याचा भूतकाळही घेते, आणि आपल्या आयुष्याचं काय करायचं हे ठरवण्याची संधी त्याच्या नकळत काढून घेते. संसार दुःखाचा होता म्हणून हा अन्याय नाहीसा होत नाही. दुःखाने बाहेर पडण्याचा हक्क मिळतो, पुरता मिळतो. त्यासाठी मार खाल्लेलाच असावा लागत नाही, नवऱ्याने किंवा बायकोने वर्षानुवर्षं न बोलणं हेही पुरेसं कारण आहे. पण त्या दुःखातून दुसऱ्याला अंधारात ठेवण्याचा हक्क उगवत नाही.

हे मी इथेच थांबवलं, तर मात्र मी परशुरामाच्या बाजूला जाऊन उभी राहीन. कारण लगेच विचारावं लागतं, की मावशींनी बाहेर पडायचं म्हणजे जायचं कुठे?

आपल्याकडे एकेकाळी वाट होती. महाराष्ट्रातल्या अनेक कष्टकरी जातींत काडीमोड होता. पंचांसमोर काडी मोडली की संसार मोडला. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च परत द्यायचा आणि बाईने दुसऱ्याशी पाट लावायचा. पाटाच्या बाईला लग्नाच्या बायकोचा मान नसे, पंचही काही देवमाणसं नव्हती, पण तिला लपावं लागत नव्हतं. 1876 मध्ये शंभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. इंग्रजी कायदा आणि वरच्या जातींची सोवळी नीती यांच्या कात्रीत ती वाट अरुंद होत गेली. वाट बंद झाली की उघडपणे झालं असतं ते चोरून होऊ लागतं, आणि मग चोरून केलं म्हणून त्याच बाईला दोष लागतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीतला काडीमोड मान्य ठेवला, तरी दोघांनी मिळून, एकमेकांवर चिखल न उडवता संमतीने वेगळं होण्याची तरतूद त्या कायद्यात यायला 1976 साल उजाडलं.

वाट कागदावर आली तरी पायाखाली यायला वेळ लागतो. श्रीरामपूरच्या कोर्टाबाहेर तारखेसाठी थांबलेल्या बायका पाहा. कडेवर मूल, पिशवीत लग्नपत्रिका आणि झेरॉक्स, सोबतीला म्हातारा बाप. ज्यांना सोबत कुणी नाही, त्या तिथवर पोचतच नाहीत. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, माहेरी भावाचा संसार. ज्याला घरातून निघून जाता येतं आणि तरीही जो राहून फसवतो, त्याचा दोष त्याचा एकट्याचा आहे. जिला निघता येतच नाही, तिच्या दोषात आपण सगळे वाटेकरी आहोत: एसटीत बसवून देणारा भाऊ, कुंकू लावणारी वहिनी आणि "पोरांकडं बघून दिवस काढ" म्हणणारी आळी.

म्हणूनच बागायतदाराच्या दुसऱ्या घराबद्दल आमची आळी जी समजूत दाखवते, ती मला सोसत नाही. त्याच्याकडे पाण्याखालची जमीन असते, गाडी असते, वकील असतो. त्याला सांगून वेगळं होणं सहज शक्य असतं. तो तसं करत नाही, कारण त्याला काहीच सोडायचं नसतं. त्याची बायको सणावाराला नैवेद्य करत राहते आणि लोक "मोठ्या लोकांचं असतंच" म्हणतात. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त याच लबाडीवर बोट ठेवलं होतं: जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलं, तर 1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा आणि दुसरं घर करणाऱ्याला सभेत पहिली खुर्ची, हा न्याय आपण फार काळ चालवला.

मला दोन्ही बाजूंनी कडक व्हायचं आहे. संसार करणाऱ्याला मी म्हणेन, की मन हललं तर त्यात पाप नाही, पण पहिलं खोटं बोलण्याआधी खरं बोल. आवाज कापला तरी बोल, कारण समोरचा माणूस तुला नकोसा झाला असला तरी तो माणूस आहे. आणि हे सांगण्याआधी आपण स्वतःला विचारलं पाहिजे, की ती खरं बोलून आज रात्री दारात आली, तर तिला आत घेऊ का? मुलीच्या लग्नात पाच उसांखाली बसून आपण तिला नांदायला शिकवतो. त्याच तोंडाने तिला आणि जावयालाही सांगावं, की नाही जमलं तर लपवू नका, परत या, अंथरूण मिळेल, जाब नाही मिळणार. हे म्हणण्याची ज्या घराची तयारी नाही, त्या घराने तिच्या चुकीचा न्याय करायला बसू नये.