पदवीचा जामीन

जुना जालना,
रविवार

चि. भाचीस,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचले. व्यवस्थापनशास्त्राच्या नामवंत संस्थेची पदवी हाती आल्यावर आडनावाचा प्रश्न मागे पडतो काय, हे केवळ नोकरीपुरते विचारले असते तर उत्तर सोपे होते; परंतु रोख संचालक मंडळाकडे, म्हणजे भागधारकांच्या वतीने धोरण ठरवणाऱ्या आणि मुख्याधिकारी नेमणाऱ्या गटाकडे असल्याने, नोकरीचे दार आणि ती खुर्ची यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

जालन्यापासूनच आरंभ करावा. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील या शहराला उद्योगनगरी केले ते बियाण्यांनी आणि लोखंडी सळयांनी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि पुढे कंपनीचे अध्यक्षपद त्यांचे पुत्र राजेंद्र बारवाले यांच्याकडे आले. यात वावगे काहीच नाही, कौटुंबिक उद्योगाची ती जगभरची रीत आहे. मात्र या रीतीत वारसाजवळ पदवी असली तरी खुर्ची पदवीमुळे मिळत नसते, ती भांडवल, पत आणि बाजारातील नातीगोती यांच्या बळावर मिळते. पदवीची कसोटी लागते ती बाहेरून येणाऱ्याला. ज्याच्यासाठी बाजारात शब्द टाकणारे कोणी नाही, त्याच्याकडून विद्यापीठाचा जामीन मागितला जातो.

हा जामीन किती पुरतो, याचे पहिले ठळक उदाहरण मराठी समाजाला पाठ आहे, पण त्याची व्यापारी बाजू क्वचितच सांगितली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि राहायला जागा मिळेना म्हणून परतले, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर-व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभला आणि सल्लागार अस्पृश्य असल्याचे कळताच गिऱ्हाइके पांगली, हे त्यामानाने विस्मृत आहे. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयाने त्यांना प्राध्यापक नेमले, म्हणजे पदवीने व्याख्यानाचा मंच दिला. सहकाऱ्यांची हरकत आली ती त्यांनी सामाईक भांड्यातून पाणी पिण्यावर.

पुढील काळाचे मोजमाप सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत पत्रव्यवहार-चाचणीची होती, म्हणजे पात्रता सारखीच ठेवून केवळ नावे बदललेले अर्ज खाजगी कंपन्यांकडे धाडायचे आणि बोलावणे कोणाला येते ते मोजायचे. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश भरला. हे अर्थात केवळ दाराशी घडते. आत गेल्यावर नावाचा उपयोग तितका राहत नाही, कारण महाराष्ट्रात जाधव, गायकवाड, मोरे, शिंदे ही आडनावे मराठा घरांतही सापडतात आणि बौद्ध घरांतही. त्यामुळे नाव जे सांगत नाही ते मुलाखतीत काढून घेतले जाते. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे सांगणारे अधिकारीच उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी महत्त्वाची मानताना आढळले. वडील काय करतात, मूळ गाव कोणते, भावंडे कुठे शिकली, हे प्रश्न सौजन्याने विचारले जातात आणि म्हणूनच त्यांना हरकत घेता येत नाही.

खुर्चीजवळ तर आकडेच बोलतात. डी. अजित, हान डॉंकर आणि रवी सक्सेना यांनी २०१० सालच्या भारतातील एक हजार मोठ्या कंपन्यांतील ९,०५२ संचालकांची आडनावांवरून जातवार विभागणी केली, तेव्हा सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय निघाले, इतर मागासवर्गीय ३.८ टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. आडनावावरून जात ठरवण्याची पद्धत ढोबळ आहे, हे जाधव-मोरे यांच्या प्रदेशात तरी सांगायला नको. परंतु इतकी मोठी दरी अशा चुकांनी भरून निघत नाही. आयआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण १९७३ पासून आहे, तेव्हा पदवीधरच नव्हते, हे कारणही देता येत नाही.

तुलनेसाठी अमेरिका पाहावी. तेथे वंशाचा प्रश्न सुटला आहे असे कोणी म्हणणार नाही. फॉर्च्यून ५०० या बड्या कंपन्यांच्या यादीतील कंपनीला पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याधिकाऱ्यांपैकी एक, फ्रँकलिन रेन्स, १९९९ साली मिळाला, पहिली कृष्णवर्णीय स्त्री, उर्सुला बर्न्स, २००९ साली. आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या प्रवेशातील वंशाचा विचारच अवैध ठरवला. तरीही तेथे शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी कंपन्यांना कर्मचाऱ्यांची वंशवार संख्या सरकारला कळवावी लागत आली आहे. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या मंडळावर किमान एक स्त्री संचालक अनिवार्य केली. जात मात्र कोणी विचारत नाही, आणि जे मोजलेच जात नाही त्याचा जाब भागधारकांच्या सभेतही मागता येत नाही. म्हणून काहींनी खुर्ची मागण्याऐवजी कंपनीच काढली: मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे डिक्की, उभे केले, आणि २०१२ पासून केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी राखला गेला. तो मार्ग खरा आहे, पण तो पदवीच्या मार्गाचा पर्याय आहे, पदवीच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

प्रवेश अवश्य घ्यावा. शुल्काचा हप्ता भरण्यापूर्वी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून त्याची पोच जपून ठेवावी, आणि संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी वरिष्ठ पदांवर असलेल्या दोघा-तिघांशी पहिल्याच वर्षी ओळख करून घ्यावी, कारण शब्द टाकणारे माणूस पदवीपत्राबरोबर मिळत नाही. मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय विचारला गेल्यास आहे तसा सांगावा.

ताईस व भाऊजींस जयभीम. कळावे.

मामा