मेअरची वीज आणि गंगारामचा चहा

कोल्हापूर
आषाढ, भर पावसात

लाडक्या भाचीस,

तू पाठवलेली 'रेड क्वीन' कादंबरी परवा रात्री वाचून झाली. इंग्रजीची सवय सुटलीय, म्हणून सुरुवातीला रेंगाळले. पण तिची नायिका मेअर आखाड्यात पडते आणि तिच्या अंगातून वीज निघते, तिथनं पुढं पुस्तक हातातून सुटलं नाही. लाईट गेली होती, बॅटरी लावून वाचलं.

लाल रक्ताच्यांनी राबायचं, लढाईत मरायचं. चंदेरी रक्ताच्यांनी राज्य करायचं. ही कल्पना मला फार लागली, कारण आपल्याकडं रक्त सगळ्यांचं लालच होतं. रंगानं माणूस ओळखता येईना, म्हणून ओळख दुसऱ्या गोष्टींत ठेवावी लागली: पाण्याच्या हौदात, मंत्रात, कपबशीत.

मंत्राचं आधी सांगते. 1899 च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते. म्हणजे भटजींच्या लेखी ते शूद्र. ज्याच्या नावानं राज्य चालतं, त्याचीच ही गत! तू पाठवलेल्या कादंबरीत रेघ गादीच्या खाली आहे, वर चंदेरी, खाली लाल. कोल्हापुरात ती रेघ थेट गादीवरून गेली होती. मला वाटतं, त्या घाटावर महाराजांना जे कळलं ते पुस्तकांतून कळलं नसतं. पुढं 26 जुलै 1902 ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखल्या.

आता गंगाराम कांबळे. महाराजांच्या पागेत कामाला. त्यानं हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्याला बेदम मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यानं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. दुकान छान, चहा छान, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचं कोण पिणार? तर महाराज दुकानासमोर गाडी थांबवायचे, गंगारामकडून चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे.

ही गोष्ट शाळेत आपण महाराजांची म्हणून शिकतो. तशी ती आहेच. पण या वयात मला गंगाराम जास्त दिसतो. मार खाल्लेला माणूस त्याच गावात, भर रस्त्यावर, दुकान मांडतो. सकाळी चूल पेटवतो, आधण ठेवतो, कपबश्या धुऊन मांडतो आणि कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधण ठेवतो.

तुझ्या पुस्तकाशी माझं भांडण इथंच आहे. मेअर बंड करू शकते, कारण तिच्यात चंदेरी लोकांसारखीच, किंबहुना त्यांच्याहून वरचढ शक्ती निघते. म्हणजे लाल माणसाचं नुसतं लाल असून भागत नाही का? तिच्या गावात कितीजण असतील ज्यांच्या अंगातून कधीच वीज निघणार नाही. त्यांनी काय करायचं?

सोबत 'फकिरा' ही कादंबरी पाठवतेय. वारणेपलीकडच्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी लिहिली, 1959 ला आली. प्रस्तावना आपल्या खांडेकरांची. तिथं घोडा आहे, तलवार आहे, खजिन्याची लूट आहे. तुला हवं ते सगळं आहे. जादू नाही. पोटात भूक आहे आणि डोक्यावर सरकारी हजेरी. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती, त्या माणसांना रोज जाऊन 'मी इथंच आहे' हे दाखवावं लागे. महाराजांनी आपल्या संस्थानात ही हजेरी 1918 ला बंद केली. फकिराच्या मुलखात ती नव्हती सुटली.

आणि कपबशीचं राहिलं. हे तुला तुझी आई सांगणार नाही, म्हणून मी सांगते. आमच्या आजीच्या घरी परड्यात, वळचणीला, कान तुटलेला एक कप खोचलेला असायचा. शेणी थापायला येणाऱ्या बाईसाठी. तिनं तो स्वतः काढायचा, आजी वरून चहा ओतायची, तिनं स्वतः विसळून परत खोचायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा तो कप मी खेळायला घेतला तर आजीनं मला आंघोळ घातली. आजी माझ्यावर जीव टाकायची गं. त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

तू लिहितेयस म्हणालीस, कोल्हापूरसारखं राज्य असलेली कादंबरी. जरूर लिही. ड्रॅगन घाल, उडते किल्ले घाल. फक्त तुझ्या नायिकेला वीज देण्याआधी चार प्रकरणं तशीच जगू दे. तिला पाणी कुठं भरायला मिळतं, ती कुठल्या कपातून पिते, ते लिही.

दिवाळीत ये. भाऊसिंगजी रोडवर चहाला जाऊ. पहिली प्रकरणं तिथंच वाचून दाखव मला.

तुझी
मावशी