दुसरे मास्तर

आमच्या आईने सत्तावीस वर्षे एका माणसाची वाट पाहिली. त्याचे नाव-गाव तिला ठाऊक नव्हते. तो 'दुसरे मास्तर' म्हणून शाळेत येणार होता, एवढेच.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आईजवळ भांडवल म्हणाल तर व्हर्नाक्युलर फायनलचे प्रमाणपत्र. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा निघू लागल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या एका वाडीवर आई 'बाई' म्हणून रुजू झाली. शाळा भरे मारुतीच्या देवळात. इयत्ता चार, खोली एक, शिक्षक एक! पहिली पाटीवर अक्षरे गिरवी, दुसरी पाढे घोकी, तिसरी शुद्धलेखन लिही, आणि तेवढ्यात आई चौथीचे गणित उरकी. झाडू तिचा, घंटा तिची, हजेरीपटही तिचाच. मीही त्याच पटावर. तेव्हा शाळेत तिला 'आई' म्हणायची चोरी.

१९६४ च्या पावसाळ्यात मला हिवताप आला. आईने कपाळावर ओली पट्टी ठेवली, शेजारच्या आजींना बसवले आणि छत्री उचलली.

"आई, आज नको ना जाऊस."

"मी नाही गेले तर चाळीस पोरं देवळाच्या पायरीवर बसून राहतील रे."

ती गेली. मी भिंतीकडे तोंड फिरवून निजलो. त्या चाळीस पोरांनी माझी आई पळवली, हा सल पुढे मी मोठा झालो, पुण्यात नोकरीला लागलो, तरी गेला नाही. आईच्या बदल्या झाल्या, गावे बदलली. शाळा मात्र दरवेळी एकशिक्षकीच मिळाली. रजा घ्यायची म्हणजे शाळेला कुलूप लावायचे. ते तिच्याच्याने होत नसे.

मग १९८७ साली सरकारची खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान दोन शिक्षक हवेत, शक्यतो त्यांत एक बाई हवी, असे ठरले. आईच्या शाळेत बाई होतीच! दुसरे मास्तर १९८९ साली पत्र्याची ट्रंक घेऊन उतरले.

त्यानंतर आठवड्याभरात, बुधवारी सकाळी अकरा वाजता, आई माझ्या दारात हजर! मी घाबरलोच. "अगं, आणि शाळा?"

"चालू आहे," ती म्हणाली. पोराला नोकरी लागल्याचे सांगावे तशा थाटात म्हणाली. चहा घेऊन जी आडवी झाली ती थेट पाच वाजता उठली. तिच्या अंगावर पांघरूण घालताना मला ती तापाची दुपार आठवली. माझ्यापाशी बसायचे तिच्या मनात नव्हते असे थोडेच? तिच्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नव्हते.

१९५०-५१ साली देशातल्या प्राथमिक शाळांत सुमारे ५ लाख ३८ हजार शिक्षक होते. १९९९-२००० मध्ये ते १९ लाखांवर गेले. शंभरात पंधरा स्त्रिया होत्या, त्या पस्तीस झाल्या. हे आकडे वाचले की बुधवारी दुपारी निजलेली आई डोळ्यांपुढे येते.

२००२ साली माझी धाकटी मुलगी शिक्षणसेविका झाली. थोड्या पैशांत पुष्कळ शिक्षक मिळवण्याची ही युक्ती राज्याने २००० साली काढली होती. तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधन! घरात सगळ्यांचा संताप झाला. आजीने सारे ऐकून घेतले आणि नातीला एवढेच विचारले, "शाळेत दुसरं कोण आहे?"

"एक गुरुजी आहेत."

"मग जा. पैशासाठी भांडायचं, जरूर भांडायचं. पण एकटी नाहीस ना, हे आधी."

आई आता नाही. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक हवेतच, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. २०२४-२५ साली पहिली ते बारावीचे मिळून देशातले शिक्षक एक कोटीच्या वर गेले. त्याच सरकारी नोंदींत एकशिक्षकी शाळाही एक लाखाहून अधिक आहेत.

त्यांतल्या एखाद्या बाईंचे पोर आज तापाने फणफणले असेल, भिंतीकडे तोंड करून निजले असेल. त्याच्या उशाशी बसून सांगावेसे वाटते, "बाळ, आईवर रागावू नकोस. दुसरे मास्तर अजून यायचे आहेत."