घसारा

शाळेत चक्रवाढ व्याज शिकवून झालं की पाठोपाठ घसारा यायचा. गणित तेच, फक्त अधिकच्या जागी उणे. व्याज मुलांना आवडायचं, घसारा कुणालाच नको असायचा!

सध्या माझ्या भाच्याला पोर्श कायेन टर्बोनं झपाटलंय. ही पोर्शची पहिली एसयूव्ही, 2002 साली आली तेव्हाच टर्बोचं इंजिन 450 अश्वशक्तीचं होतं. भाचा बघतोय ती साडेचार वर्षं वापरलेली, निम्म्याहून कमी किमतीत. "मामा, घसारा पहिल्या मालकानं सोसला, आपला फायदाच की!"

हिशेब चूक नाही. विम्याच्या कोष्टकातही पहिल्या सहा महिन्यांना 5 टक्के आणि चार वर्षं उलटली की 50 टक्के घसारा धरतात. महागड्या गाड्यांचा बाजारभाव तर त्याहूनही घसरतो. ज्याला परवडते त्याला नवीच हवी असते, आणि वॉरंटी संपलेल्या गाडीला इतर लोक बिचकतात.

ते का बिचकतात, हे मात्र कोष्टकात नाही. गाडी निम्म्या किमतीला आली तरी टायर, ब्रेक, हवेवरचं सस्पेन्शन निम्म्यात मिळत नाही. पेट्रोलही तेवढंच पिणार. म्हणजे गाडी पन्नास लाखांची आणि संसार कोटीच्या गाडीचा.

त्यासाठी भाचा लेकीच्या शिक्षणाची ठेव मोडायला निघालाय. मी एवढंच म्हटलं, "अरे, गाडी दरवर्षी स्वस्तच होत जाणार आहे, ती थांबेल. पोरगी मात्र येत्या जूनमध्येच कॉलेजात जाणार."