नऊशे ग्रॅमचा संसार

आपल्याकडे कुठल्याही वस्तूची पारख करायची तर ती आधी उचलून बघतात. जड लागली की चांगली. पितळेची घागर, शिसवी पाट, सागवानी कपाट, सगळ्याला हाच न्याय. माणूससुद्धा वजनदार असला तरच कचेरीत त्याचा कागद पुढे सरकतो. उलट 'हलका' हा शब्द आपण माल, माणूस आणि कान या तिन्हींच्या बाबतीत शिवीसारखा वापरतो. अशा संस्कारांत साठ वर्षं काढलेल्या गृहस्थानं बाल्सा लाकडाचं, रेडिओवर चालणारं विमान घरी करायला घ्यावं, म्हणजे जन्मभर बासुंदीवर पोसलेल्याला एकदम निर्जळी एकादशी!

बाल्सा हे लाकूड आहे हेच मुळी पटत नाही. कुरिअरवाल्यानं तीन फुटी खोकं हातात दिलं, तेव्हा ते रिकामंच आलंय असं मला वाटलं. इक्वाडोर नावाच्या देशातून मुख्यतः येणारं हे लाकूड सागाच्या जेमतेम चौथाई वजनाचं. नख टेकवलं की खळगा पडतो. तरीही वनस्पतिशास्त्र त्याची गणना 'कठीण लाकडां'त करतं! कूळ पाहावं तर भेंडी, कापूस आणि जास्वंदीचं. ही माहिती मी मोठ्या उत्साहानं घरात सांगितली. ही म्हणाली, "मग भेंडीचंच करा की. निदान उरलंसुरलं तर भाजी होईल."

पण या भेंडीच्या भावकीला कमी लेखू नये. 'बाल्सा'चा स्पॅनिशमध्ये अर्थच मुळी तराफा. १९४७ साली थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती बाल्साच्या ओंडक्यांच्या 'कॉन-टिकी' तराफ्यावर बसून पेरूहून निघाले आणि १०१ दिवसांनी पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियाच्या बेटांना लागले. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं 'मॉस्किटो' विमान तर याच लाकडाच्या जिवावर उडालं. बर्चच्या पातळ प्लायवुडचे दोन थर, मध्ये बाल्सा. थोडक्यात सँडविच. पण त्याच्या वेगापुढे भल्याभल्या धातूच्या विमानांची दमछाक झाली.

आमचं विमान एवढं पराक्रमी नव्हतं. पंखांचा विस्तार चार फूट आणि वजनाची मर्यादा नऊशे ग्रॅम. ही मर्यादा आमच्या गुरूंनी घातलेली. गुरू म्हणजे आमच्याच सोसायटीतले एक काका. तरुणपणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये त्यांनी अशी मॉडेलं केलेली आणि (हे ते अभिमानानं सांगतात) मोडलेलीही. त्यांचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. "विमान बांधायचं नसतं, खरवडायचं असतं."

दिवाळीनंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर टाचण्यांनी रोवलेल्या पट्ट्या. पंखाच्या अठरा फासळ्या कापायच्या, एकावर एक ठेवून गठ्ठा करायचा आणि काचकागदानं घासून सारख्या करायच्या. मी घासत होतो. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. बाल्साची पूड इतकी हलकी की ती खाली बसतच नाही. ती आधी हवेत राहते आणि मग आमटीत. आम्ही दोघं तीन महिने जमिनीवर पंगत मांडून जेवत होतो. पाहुणे आले की ही सांगायची, "टेबलावर यांचं बाळंतपण चाललंय."

कुठंही थोडं जास्त मजबूत करावं असं वाटलं की काका हजर. "हा तुकडा कशाला?" "मजबुतीसाठी." "किती ग्रॅम?" मग स्वयंपाकघरातला काटा यायचा. मी वैमानिक म्हणून बसवायला एक छान मिशाळ प्लॅस्टिकचा बाहुला आणला होता. तो चाळीस ग्रॅम भरला. "याला उतरवा," काका म्हणाले. त्याच्या जागी थर्मोकोलचं डोकं आलं, तीन ग्रॅमचं. त्याला स्केचपेननं मिशा काढल्या हिनं. त्या कुणासारख्या दिसतात यावर मी काही बोलणार नाही.

इथवर ही तटस्थ होती. खरं संकट सांगाडा मढवायच्या वेळी आलं. पूर्वी पातळ कागद चिकटवून त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं द्रावण फिरवत. आता इस्त्रीनं चिकटणारी फिल्म मिळते. उष्णतेनं ती आकसते आणि तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. पण एका बाजूनं जास्त आकसली तर पंखाला पीळ पडतो आणि तसलं विमान सरळ जायचं नाव घेत नाही. मी इस्त्री हातात घेतली मात्र, हिनं ती काढून घेतली. "सरका. नायलॉनच्या साडीला कधी हात लावलाय का?" आधी खालची बाजू, मग वरची, थोडं इकडे, थोडं तिकडे. दोन संध्याकाळींत लाल-पिवळा पंख असा उभा राहिला की काकांनी तो एका डोळ्यानं न्याहाळला आणि पहिल्यांदाच काटा मागवला नाही.

शेवटी तोल. पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर पंखांखाली दोन बोटं धरली, बॅटरी जरा नाकाकडे सरकवली, आणि विमान बोटांवर आडवं थांबलं. काका म्हणाले, "नाक जड असलं तर रडतकढत का होईना, उडतं. शेपूट जड असलं तर एकदाच उडतं." काटा सांगत होता, ८९४ ग्रॅम. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

आणि मग ही हळूच म्हणाली, "हे उडवायचंच का?"

पाच महिने टेबलासाठी भांडलेली बाई हे विचारत होती! "वरच्या फळीवर किती छान दिसेल. पडलं म्हणजे?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. माझ्या पोटात गोळा आला होता. पण तो तिला दाखवणं शक्य नव्हतं. काकांनी मात्र फळीकडे बघून एवढंच विचारलं, "मग मोटर कशाला बसवली?"

रविवारी पहाटे गावाबाहेरच्या माळावर गेलो. मी चार पावलं पळून विमान फेकलं, काकांच्या हातात ट्रान्समीटर. ते गेलं. सरळ, वर, उन्हात. उंच गेल्यावर काकांनी ट्रान्समीटर माझ्या हातात दिला. लांब जाताना ते गुणी मुलासारखं वागतं. आपल्याकडे तोंड केलं की त्याचा डावा आपला उजवा होतो. यावर काकांची युक्ती अशी, की जो पंख खाली झुकेल त्याच बाजूला काडी ढकलायची, जणू त्याला टेकू देतोय. चार मिनिटं मी टेकू देत होतो. हिनं माझा सदरा मागून घट्ट धरला होता. उडत होतं विमान, आणि धरलं होतं मला.

उतरवलं काकांनीच. चाक गवताच्या झुबक्यात अडकलं, विमान थबकलं आणि पंख सुटून पुढे जाऊन पडला. ही किंचाळली. "अहो वहिनी, पंख रबरबँडनं बांधतात ते याच्यासाठी," काका म्हणाले. "घट्ट बसवला असता तर मोडला असता." पंखावर ओरखडासुद्धा नव्हता.

परतताना रिक्षात चार फुटी पंख ही मांडीवर उभा धरून बसली होती. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "ताई, कितीला घेतलं?"

"घेतलं नाही," ही म्हणाली. "आम्ही घरी केलंय."

'आम्ही'! मी काही न बोलता रस्त्याकडे बघत राहिलो.