गाडीपाशी थांबा

बंद पडलेल्या गाडीतून उतरल्यावर आपल्याकडचा माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिनातलं त्याला काही कळत असो वा नसो. बॉनेट उघडलं की बायकामुलांना वाटतं, चला, काहीतरी चाललंय. त्यालाही तसंच वाटतं. मग तो आत डोकावतो, एखादी वायर हलवून बघतो, ‘बॅटरी असणार’ म्हणतो. वाफ फसफसत असेल तर रेडिएटरच्या टोपणाला हात घालतो, आणि हात-तोंड भाजतं ते इथंच. बंद रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण सैल झालं की दाब सुटतो, पाण्याची तिथल्या तिथं वाफ होते आणि ती सगळी अंगावर येते. गाडी तापली की निदान अर्धा तास तिला हात लावायचा नाही, हा नियम सांगायला सोपा आहे. तो पाळताना भल्याभल्यांचा जीव वरखाली होतो.

आमच्या बेल्ह्याहून पूर्वेला नगरच्या दिशेनं निघालं की काही किलोमीटरांत मुलूख बदलतो. जुन्नर तालुक्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे माळशेज आणि नाणेघाट. पावसाळ्यात तिथं समोरचा माणूस दिसत नाही. तेच ढग आळेफाटा ओलांडून आमच्याकडे येईतो रिते झालेले असतात. बेल्ह्याला निदान कालव्याचा आधार आहे. गुळुंचवाडीचा, ओढ्यानं बसाल्टात कोरलेला नैसर्गिक पूल मागे टाकून आण्याचा घाट चढलं की तोही सुटतो, कारण पठार वर आणि कालवा खाली. आणे, पेमदरा, नळवणे ही गावं उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. इथं वाळूचा कण नाही, त्यामुळे याला वाळवंट कुणी म्हणणार नाही. मुरूम, धोंडे, बोरी-बाभळी आणि कुसळ. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता या पठारावरच्या कच्च्या रस्त्यावर गाडी थांबली, तर जैसलमेरची आठवण यायला वाळू लागत नाही.

आमची थांबली ती नळवण्याच्या खंडोबाचं दर्शन घेऊन, आडरस्त्यानं पेमदऱ्याकडे निघालो तेव्हा. गाडीत माझी आई, बायको, मस्कतहून सुट्टीवर आलेला भाचा, त्याची बायको आणि दोन मुलं. एक चढ चढताना काटा वर सरकू लागला आणि पाठोपाठ गोडसर, जळका वास आला. कूलंटचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. गाडी बाभळीच्या विरळ सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली पाहिलं तर मुरमावर हिरवट पाण्याची धार. रेडिएटरचा खालचा होज पाइप मधोमध चिरला होता. चीर क्लिपपाशी असती तर टोक कापून पाइप पुन्हा बसवता आला असता. मधल्या चिरेला तो इलाज नाही.

भाचा ओमानमध्ये बरीच वर्षं आहे. सुट्टीच्या दिवशी तिथली भारतीय कुटुंबं वाळूच्या टेकड्यांवर गाड्या घेऊन जातात. त्यामुळे असल्या प्रसंगाचे त्याचे नियम ठरलेले: एकटी गाडी न्यायची नाही, दोन तरी हव्यात. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. कुठं जातोय, कधी परतणार, हे घरी सांगून ठेवायचं. माणसांचं पाणी वेगळं, गाडीचं वेगळं. आणि गाडी बिघडली तर गाडी सोडायची नाही.

हा शेवटचा नियम मला पटेना. आणे काही परगाव नव्हे. पायी निघालो तर संध्याकाळच्या आत फिटरला घेऊन येता येईल, असा माझा हिशेब. घरातल्या कर्त्या पुरुषानं अशा वेळी बसून राहायचं, ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही. ‘तुम्ही थांबा, मी बघून येतो’ हे वाक्य आपल्या घरांतून किती पिढ्या ऐकू येतंय! भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही निघालात की आमच्याकडे दोन काळज्या. एक गाडीची आणि एक तुमची.”

गाडी सोडून निघालं की काय होऊ शकतं, याचं एक खरं उदाहरण आहे. 2011 साली अमेरिकेत नेवाडाच्या डोंगराळ वैराण भागात कॅनडाच्या एका जोडप्याची गाडी आडरस्त्यावर चिखलात रुतली. दोघंही वयस्क. नवरा जीपीएस घेऊन मदत आणायला पायी निघाला, बायको गाडीत थांबली. तिनं जवळचं थोडंसं खाणं पुरवून पुरवून खाल्लं, ओढ्याचं पाणी प्यायली. जवळजवळ सात आठवड्यांनी त्या बाजूला आलेल्या माणसांना गाडी दिसली आणि ती जिवंत सापडली. नवऱ्याचा देह सापडायला पुढचं वर्ष उजाडलं. तो बेजबाबदार नव्हता, उलट जबाबदारी घेऊनच निघाला होता. पण उघड्या मुलुखात गाडी लांबून दिसते, विमानातून दिसते, चकाकते. चालणारा माणूस धोंड्यांत हरवून जातो. शिवाय गाडीला सावली असते, पाणी असतं, बसायला जागा असते. चालणारा तासागणिक अंगातलं पाणी गमावत जातो.

आमच्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते ओमानमध्ये कुणाच्या यादीत नसतं. बिबट्या. जुन्नरच्या उसातला बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. अंधार पडता पडता आडवाटेनं एकट्यानं चालणं शहाणपणाचं नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी थांबलो.

थांबल्यावर कारभार आईनं हातात घेतला. तिनं सतरंजी बाभळीखाली टाकायला लावली, मुलांना गाडीच्या तापलेल्या पत्र्यापासून लांब बसवलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पाण्याची बाटली मात्र स्वतःच्या मांडीशी ठेवली. मागेल त्याला ती पाणी देत होती, पण तिच्याच हातानं. धाकटी पोरगी रडवेली झाली तेव्हा तिला चिमटीनं कुसळं वेचून सतरंजी साफ करायच्या कामाला लावलं. घाबरलेल्या माणसाला काम द्यावं, हे कुठल्याही वाळवंटी पुस्तकात असेल तर ते तिनं वाचलेलं नाही. फोनला रेंज येत-जात होती. सांगून ठेवायला हवं: आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून बघावा, तो उपलब्ध असेल त्या दुसऱ्या नेटवर्कवरून जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033.

भाच्याचा नियम बरोबर होता, पण ओमानमध्ये तो नियम ज्या कारणासाठी आहे त्यासाठी तो आमच्याकडे लागू पडला नाही. तिथं गाडी सोडायची नाही, कारण आसपास कुणीच नसतं. इथं सोडायची नाही, कारण कुणीतरी असतं. पठार ओसाड दिसतं, पण ते पाहिलं जात असतं. शेरडं घेऊन बसलेला एक म्हातारा केव्हापासून आमच्याकडे बघत होता. आम्हाला तो दिसला नव्हता. तो आला, गाडीकडे न बघता आधी आईकडे बघत म्हणाला, “कुठली म्हनायची मान्सं?”

“बेल्ह्याची.”

“मंग आपलीच की.” आणि बसला. आमचं गाव त्याला सोमवारच्या बैलबाजारामुळे ठाऊक. बेल्ह्याचा बैलबाजार आसपासच्या तालुक्यांत नावाजलेला आहे. या पठारावरच्या कितीतरी बैलजोड्या तिथंच घेतलेल्या. माझी नि त्याची बोलणी बैलांवरून गाडीवर यायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात इंजिनही निवलं.

बैलगाडीच्या काळात रस्त्यात मोडणं हे प्रवासातच धरलेलं असे, असं तो सांगत होता. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसतं, मग लोखंडी धाव सैल होऊन निसटायला बघते. अशा वेळी पाचरी ठोकायच्या आणि ओढा लागला की चाक पाण्यात भिजू द्यायचं. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. आखाची जास्तीची खीळ, दोर, वंगण हे गाडीबरोबरच असायचं, आणि ते कसं वापरायचं हे गाडीत बसलेल्या पोरालाही यायचं. आजच्या गाडीत डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ म्हणतो. मला जुनं ते सोनं म्हणायचं नाही. बैलगाडीनं नळवण्याहून पेमदऱ्याला सहकुटुंब जायची माझी तयारी नाही. पण दुरुस्तीची विद्या घरातून दुकानात गेली आणि तिच्याबरोबर आपला धीरही गेला, हे खरंच आहे.

मोटारीच्या लांब प्रवासांच्या इतिहासाची सुरुवात अशाच एका सहकुटुंब बिघाडानं झाली आहे. ऑगस्ट 1888 मध्ये जर्मनीतली बर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवरा कार्ल याला न विचारता, त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरांहून लांबचा पल्ला. मोटारीनं इतक्या लांब तोवर कुणी गेलंच नव्हतं. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या टाचणीनं मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि इंजिन थंड ठेवायला पाणी तर वाटेत मिळेल तिथून पुन्हा पुन्हा भरावं लागलं.

पाण्याचा हाच प्रश्न सहारात बॅगनॉल्डनं निराळ्या रीतीनं सोडवला. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी, 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडणारा. रेडिएटरमधून उडून जाणारी वाफ त्यानं नळीवाटे बाहेर बांधलेल्या, पाण्यानं अर्ध्या भरलेल्या डब्यात सोडली. वाफ तिथं निवून पाणी होई आणि इंजिन थंड झालं की ते आपोआप रेडिएटरमध्ये ओढलं जाई. पुढे 1940 साली त्यानं उभ्या केलेल्या वाळवंटी तुकडीच्या गाड्यांना हीच युक्ती होती. आजच्या कितीतरी गाड्यांत कूलंटची जी प्लास्टिकची बाटली असते तिचं काम याच तत्त्वावर चालतं.

आमची दुरुस्ती म्हाताऱ्याच्या घरी असलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबवर झाली. पंपाच्या गळक्या पाइपाला गुंडाळायला ती प्रत्येक शेतकऱ्याकडे असते. तिच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पट्टी ताणून धरायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत न्यायचा, पैलवानाच्या गुडघ्याला बांधतात तसा. वर बांधणीची तार पक्कडीनं पिळली. अशा पाइपावर पुरा दाब येऊ देऊन चालत नाही, म्हणून टोपण पूर्ण आवळायचं नाही. पहिल्या खाचेवरच ठेवायचं. आणि निघताना गाडीतला हीटर पुरा सोडायचा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो माणसांच्या अंगावर सोडतो. मे महिन्यात हीटर लावून, सगळ्या काचा खाली करून आम्ही पेमदऱ्याकडे पाठ फिरवली आणि आण्याकडे निघालो, तेव्हा मुलं हसून हसून लोळत होती. आण्याच्या पुढे घाटाचा उतार. तिथं गाडीला कष्ट नाहीत. टोचन लागलं नाही.

पण निघण्याआधी रेडिएटर भरायला पाणी हवं होतं. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, हा भाच्याचा नियम, आणि आईचाही. म्हाताऱ्याच्या घरी अंगणात निळे ड्रम होते, झाकणावर कापड, कापडावर धोंडा. त्याच्या सुनेनं विचारलं, “किती लागंल?” मी बादलीभर म्हणालो. तिनं धोंडा उचलून बाजूला ठेवला, कापड दुमडलं आणि पाणी काढायला कमरेतून पार वाकली, इतकी की तिचा पदर आत गेला. पुढचा टँकर परवा होता, हे ती नव्हे, तिचा मुलगा बोलून गेला. पैसे देऊ केले तर तिला राग आला. मागे आण्याच्या रंगदासस्वामींच्या यात्रेत आम्ही सगळे याच पठाराच्या पंगतीला जेवून गेलोय. तेव्हा पाणी कुठून येतं हा विचार मनात आला नव्हता.

वाळवंटात बिघाड झाला तर माणूस आपल्याजवळचं पाणी खर्चतो. आपल्या कोरड्या मुलुखांत तो दुसऱ्याचं खर्चतो आणि घरी येऊन पाहुणचाराच्या गोष्टी सांगतो.

म्हणून एवढंच सांगणं: उन्हाळ्यात आण्याच्या पठारावर, पारनेरकडे, माणदेशात, कुठंही गाडी घेऊन जाणार असाल तर पिण्याच्या पाण्याखेरीज वीस लिटरचा एक कॅन गाडीसाठी भरून न्या, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तार टूलकिटमध्ये टाका. आणि गाडी बिघडली नाही, पाणी उरलं, तर ते घाट उतरून परत आणू नका. वरच्याच एखाद्या घरी थांबा आणि विचारून त्यांच्या ड्रममध्ये ओता.