विरजण

बिअर विकत घेणे हा अमेरिकेत अगदी सोपा व्यवहार आहे. जिथे दुकानादुकानांतून तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात, तिथे रविवारचे सहा तास खर्चून ती घरी करीत बसणारा माणूस शहाण्यांत जमा होणार नाही. तरी पोर्टलंडच्या माझ्या स्वयंपाकघरात हा उद्योग काही वर्षे चालू आहे. मी करतो ती अमेरिकन अंबर एल : काकवीच्या रंगाची, आधी किंचित गोड आणि मागाहून कडू.

ही विद्या वाटते तितकी परकी नाही. माल्ट म्हणजे तरी काय? मोड आणून वाळवलेला आणि भाजलेला सातू. नाचणीला मोड आणून आपण तान्ह्या मुलाला तिची लापशी देतो, त्यातलीच ही चाल. मोड फुटताना दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात, की जी पिठाची साखर करतात. एकोणीस लिटर बिअरला मी साडेचार किलो साधा माल्ट घेतो आणि अर्धा किलो ‘क्रिस्टल’. हा क्रिस्टल मोठा गमतीचा दाणा! तो ओला असतानाच तापवतात. त्यामुळे सालीच्या आतच साखर होते आणि भाजताना ती खरपूस होऊन बसते. बिअरचा तांबूस रंग आणि यीस्टला पुरती न पचणारी गोडी या अर्ध्या किलोतून येते.

भरडलेले धान्य 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायचे. तापमान दोन-तीन अंश घसरले तर बिअर हलकी होते, चढले तर जड. मग रस गाळून तासभर उकळायचा आणि त्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुले टाकायची. मी ‘कॅस्केड’ जातीची घेतो. ती आमच्याच ओरेगॉनमध्ये, कॉरव्हॅलिसला तयार झाली आणि 1972 साली शेतकऱ्यांच्या हाती आली. उकळीच्या शेवटी तिची मूठभर फुले टाकली, की पपनशीच्या सालीसारखा वास घरभर पसरतो.

हे सारे इथेही एके काळी बेकायदा होते. 1920 साली आलेली दारूबंदी 1933 साली उठली; पण घरगुती वाइनला मिळालेली सूट बिअरला मिळायची राहून गेली. ती मिळायला ऑक्टोबर 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांची सही व्हावी लागली. मिसिसिपी आणि अलाबामा तर 2013 पर्यंत अडून बसली होती.

सरकारची परवानगी अशी उशिरा का होईना, मिळाली. आईची मिळणे अवघड होते.

ती उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या मामांनी, दारूपायी आधी मामींच्या पाटल्या आणि मग राहते घर घालवले. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ असे तिच्यापुढे म्हणण्याचा मला धीर झाला नाही. आणि ते खरेही नव्हते.

रस गाळून झाला होता, उकळी यायची होती. आईने पळीने थेंबभर तळहातावर घेऊन चाखला.

“अरे, हे तर मोडाच्या नाचणीसारखंच लागतंय! याची दारू होते कधी?”

मी अकरा ग्रॅमची यीस्टची पुडी दाखवली. “हे घातलं की.”

“एवढंच?”

तिने पुडी हातात घेतली. बराच वेळ ती काही बोलली नाही.

“विरजणच म्हणायचं. विरजण वाईट नसतं रे. पण एकदा ते लागलं, की दूध परत मिळत नाही. तुझा मामा लहानपणी फार गुणी होता.”

त्या रात्री मी निवलेल्या रसात यीस्ट घातले. पुढचे पंधरा दिवस करण्यासारखे काही उरत नाही. खोली एकोणीस अंशांवर ठेवायची आणि नळीतून सुटणारे बुडबुडे ऐकायचे. मग बाटल्या भरून आणखी दोन आठवडे थांबायचे. महिनाभर वाट पाहिलेली वस्तू घटाघटा गिळवत नाही. घरी करणाऱ्याला प्रमाण आपोआप कळते, असे मी म्हणतो. पण हा झाला माझा युक्तिवाद. मामींच्या पाटल्या त्याने वाचल्या नसत्या, हे मलाही कळते.

आईने बिअरला अखेरपर्यंत तोंड लावले नाही. चोथा मात्र तिने टाकू दिला नाही. तो उन्हात वाळवून, दळून, चाळून तिने त्याची थालिपिठे लावली. कुठे कुठे कोंडा दाताखाली येत होता. पण थालिपीठ खमंग झाले होते.